ठासणीची बंदूक आणि नेमाचं गणित

इगतपुरी मागे टाकून गाडी नाशिककडे निघाली की घोटी, पाडळी, अस्वली, लहवित ही स्थानकं एकामागून एक येतात आणि पंचेचाळीसेक किलोमीटरवर देवळाली लागतं. भारतीय लष्कराचं तोफखाना विद्यालय इथलं. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी के-९ वज्र आणि एम-७७७ या तोफा याच देवळालीत लष्करात दाखल झाल्या, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत त्यांचीच छायाचित्रं होती. पण तोफखान्याकडे आणखी एक साधंसं दिसणारं हत्यार आहे, १२० मिलिमीटरची उखळी तोफ. तिच्यात गोळा मागून भरत नाहीत. तो तोंडातून, वरून आत सोडतात. गोळा किती लांब जावा त्याप्रमाणे त्याच्या शेपटीला दारूच्या कमीजास्त पिशव्या बांधतात. तोंडातून भरायचं, दारू मोजून घ्यायची आणि दर्शकयंत्रावर कोन लावायचा, ही रीत शेकडो वर्षांची आहे. आजोबांच्या काळातल्या ठासणीच्या बंदुकीची रीत हीच आणि अमेरिकेतला शौकीन नेमबाज दुर्बीण बसवून वापरतो त्या आधुनिक ठासणीच्या रायफलीची रीतही हीच.

या बंदुकीचा नेम कसा जमवायचा? किती दारू घालायची, कोणती गोळी घ्यायची, दुर्बीण कशी बसवायची? नवशिक्याला वाटतं, दारू वाढवली की गोळी जोरात जाईल आणि जोरात गेली की नेमकी लागेल. हा समज पहिल्याच दिवशी सोडावा लागतो. नेम जोरात नसतो, तो सारखेपणात असतो. पहिला बार जसा उडाला तसाच दुसरा आणि तसाच दहावा उडाला, तर गोळ्या एका जागी पडतात. मग ती जागा निशाणावर आणून ठेवणं हे दुर्बिणीचं काम. क्रम असाच: आधी सारखेपणा, मग दुर्बीण. एनसीसीत पॉइंट २२ रायफल चालवलेल्यांना हे ठाऊक असतं. तिथेही आधी ग्रुपिंग बघतात. गोळ्या निशाणापासून वीतभर दूर पडल्या तरी चालतं, पण एकमेकींजवळ पडल्या पाहिजेत.

काडतुसाच्या बंदुकीत हा सारखेपणा कारखान्यात भरून येतो. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार माणूस हाताने भरतो, म्हणजे प्रत्येक वेळी तो काडतुसाचा छोटा कारखानाच चालवत असतो. दारूचं माप, गोळीचं वजन, गोळीभोवतीच्या चिंधीची जाडी, गजाने दिलेला दाब, नळीतली काजळी यांपैकी कशातही फरक पडला तर तो निशाणावर उमटतो.

दारूपासून सुरुवात करू. काळी बंदुकीची दारू म्हणजे सोरा, लोणारी कोळसा आणि गंधक. प्रमाण साधारण ७५, १५ आणि १०. ही दारू दाण्याच्या पृष्ठभागावरून आत जळत जाते. म्हणून दाणा बारीक असेल तर ती लवकर जळते, जाड असेल तर सावकाश. तोफेला जाड दाणा, बंदुकीला मध्यम आणि रंजकदाणीत ठेवायला अगदी बारीक, ही विभागणी जुन्या गोलंदाजांनाही माहीत होती. एका डब्यातली दारू संपली आणि दुसऱ्या जाडीची आणली, तर माप तेच असूनही गोळीचा वेग बदलतो. त्यामुळे जाणता नेमबाज एका जातीची दारू निवडतो आणि तिलाच धरून राहतो.

माप बहुधा नळकांड्याने, म्हणजे आकारमानाने घेतात. अमेरिकेत पॉइंट ५० व्यासाच्या आधुनिक ठासणीच्या रायफलीत १०० ग्रेनच्या आसपासचा बार सामान्य मानला जातो. हे सुमारे साडेसहा ग्रॅम होतात. पण हा आकडा आंधळेपणाने उचलायचा नसतो. बंदूक बनवणाऱ्याने घालून दिलेली कमाल मर्यादा आधी वाचायची, तिच्या बरंच खाली सुरू करायचं, समजा ६० ग्रेनपासून, आणि पाच-पाच ग्रेनने वर जायचं. प्रत्येक मापाला तीन ते पाच बार, प्रत्येकासाठी नवा कागद, कागदावर माप, तारीख आणि हवामान लिहिलेलं. काही मापांना गोळ्या विखुरतात, मग एका मापाला अचानक जवळ येतात, त्याच्या पुढे गेलं की पुन्हा फाकतात. जिथे जवळ आल्या ते त्या नळीचं माप. शेजाऱ्याच्या त्याच बनावटीच्या बंदुकीचं माप वेगळं निघू शकतं.

एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही. काडतुसात वापरतात ती बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत घालायची नाही. तिचा दाब काळ्या दारूपेक्षा कितीतरी जास्त चढतो आणि नळी फुटते. खास त्यासाठीच बांधलेल्या मोजक्या बंदुका सोडल्या तर या नियमाला अपवाद नाही.

गोळीचा वेग मोजता येतो आणि तोफखाना हे गणिताचं काम आहे, हे जगाला दाखवून दिलं ते बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. १७४२ मध्ये त्याने या विषयावरचं आपलं पुस्तक काढलं. लोलकासारखा टांगलेला जड लाकडी ठोकळा घ्यायचा, त्यात गोळी मारायची आणि ठोकळा किती झुलला यावरून गोळीचा वेग काढायचा, ही त्याची युक्ती. हवा गोळीला किती जबरदस्त अडवते हेही त्याच्या प्रयोगांतून प्रथम नीट कळलं. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने त्याला किल्ल्यांची तटबंदी सुधारायला हिंदुस्थानात पाठवलं आणि १७५१ मध्ये मद्रासच्या दक्षिणेला फोर्ट सेंट डेव्हिड इथे तो वारला.

त्यानंतर पन्नासेक वर्षांनी मराठ्यांच्या तोफांनी इंग्रजांना चकित केलं. ११ सप्टेंबर १८०३ रोजी दिल्लीजवळ पटपडगंजला शिंद्यांच्या फौजेचा इंग्रज सेनापती लेकने पराभव केला आणि हाती लागलेल्या तोफांची इंग्रजांनी बारकाईने नोंद केली. त्यांत काही मथुरेला ओतलेल्या होत्या, काही उज्जैनला. तोफांना उंची कमीजास्त करायचे उत्तम घडणीचे स्क्रू बसवलेले होते, काही तर त्या काळच्या सर्वांत नव्या फ्रेंच धर्तीचे. या नोंदीचं महत्त्व मोठं आहे. स्क्रू येण्याआधी तोफेच्या बुडाखाली लाकडी पाचर ठोकून किंवा काढून उंची ठरवत. पाचर प्रत्येक वेळी थोडी वेगळी बसते. स्क्रू मात्र अर्धा फेरा म्हणजे अर्धाच फेरा फिरतो आणि परत त्याच जागी आणता येतो. आज दुर्बिणीवरची चकती टिक-टिक करत फिरवतात, तिचं कामही हेच असतं. महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपियन सेनानीच्या हाती उभा केलेला तोफखाना आणि आग्र्याचा कारखाना यांच्याबद्दल मराठीत लिहिलं गेलं ते बहुतेक शौर्याच्या अंगाने. त्या स्क्रूंमागची कारागिरी आणि मोजमापाची शिस्त यांच्याकडे अजून पुरेसं लक्ष गेलेलं नाही, आणि ते जायला हवं.

आता नळी आणि गोळी. जुन्या बंदुकीची नळी आतून सपाट असे आणि गोळी नळीपेक्षा बरीच लहान ठेवत, म्हणजे भरायला सोपी जाई. अशी गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडते आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल तिकडे वळते. इंग्रज फौजेतला कर्नल जॉर्ज हँगर याने १८१४ मध्ये लिहिलं आहे की साधी फौजी बंदूक ८० यार्डांवर माणसाला लागेल, कदाचित १०० वरही. २०० यार्डांवर लागण्याची आशा धरू नये. आपल्याकडच्या शेतीसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुका याच सपाट नळीच्या जातीतल्या. त्यांच्यावर दुर्बीण बसवली तर पैसे वाया जातील. त्यांना पुढची माशी आणि स्वच्छ नळी एवढंच पुरे.

नळीत पीळदार आटे काढले की गोष्ट बदलते. गोळी भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरत निघते आणि फिरते म्हणून तोल सांभाळते. मात्र पीळ आणि गोळी यांची जोडी जुळावी लागते. गोल गोळीला सावकाश पीळ मानवतो, ४८ ते ७० इंचांत एक फेरा. लांबट गोळीला जलद पीळ लागतो. आधुनिक ठासणीच्या रायफलींत तो बहुधा २८ इंचांत एक असतो. लांब गोळीला किती पीळ हवा याचं सोपं सूत्र ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञाने १८७९ मध्ये मांडलं आणि ते अजून चालतं. जलद पिळाच्या नळीत गोल गोळी घालून भारी बार भरला, तर गोळी आटे सोडून घसरते आणि मग कितीही माप बदललं तरी गोळ्या जवळ येत नाहीत. असा त्रास दिसला की दारूकडे बघण्याआधी नळीवर पीळ किती लिहिला आहे ते बघावं.

गोळी नळीत किती घट्ट बसावी, याचा धडा हिंदुस्थानच्या हवेनेच दिला. १८५३ ची एनफिल्ड ही ठासणीचीच रायफल, पॉइंट ५७७ व्यासाची. तिच्या कागदी काडतुसांना लावलेल्या चरबीवरून १८५७ मध्ये काय झालं ते सर्वांना माहीत आहे. त्याच बंदुकीची दुसरी अडचण मात्र फारशी सांगितली जात नाही. तिची पहिली गोळी पॉइंट ५६८ व्यासाची होती. नळीत काजळी साचली की ती आत जाईना. म्हणून पुढे गोळी पॉइंट ५५० ची केली. एका इंचाच्या अठरा हजारांश भागांचा हा फरक, पण लढाईत बंदूक भरता येते की नाही हे त्यावर ठरत होतं.

काजळीची ही अडचण मूळ दारूतलीच आहे. काळी दारू जळली की तिच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त भाग वायू न होता घन राहतो. तोच पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर येतो आणि तोच नळीत चिकटतो. दर बाराला नळी थोडी अरुंद होते, गोळी थोडी जास्त घट्ट बसते, दाब बदलतो, गोळी दुसरीकडे पडते. उपाय साधा आहे. प्रत्येक बारानंतर ओलसर चिंधी एकदा, कोरडी चिंधी एकदा, आणि मगच पुढचा बार. इगतपुरीसारख्या ठिकाणी हंगामाप्रमाणे याचा अनुभव बदलेल. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी काजळी खडखडीत वाळून गोळीला अडवते. पावसाळ्यात, जेव्हा या घाटमाथ्यावर तीन हजार मिलिमीटरांच्या पुढे पाऊस कोसळतो, तीच काजळी हवेतलं पाणी ओढून मऊ राहते, पण लोखंडाला गंज चढवते. रात्री बंदूक न धुता ठेवली, तर सकाळी नळीत तांबूस डाग दिसतात. गरम पाणी, मग पूर्ण कोरडं पुसणं, मग तेल. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा चिंधी फिरवून बघणं. पुढच्या बाराआधी ते तेल पुसून काढायचं, नाहीतर पहिली गोळी हमखास वेगळी पडते.

आता भरणं. दारू आधी मापात घ्यायची आणि मापातून नळीत ओतायची. डब्यातून किंवा शिंगातून थेट नळीत कधीच नाही, कारण आत एखादी ठिणगी जिवंत असेल तर हातातला सगळा साठा पेटतो. मग चिंधी, गोळी आणि गज. गोळी दारूवर टेकेपर्यंत खाली गेली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. दाबही दर वेळी सारखा हवा. कोणी गज आदळतात, कोणी हळू ठेवतात, पण एकाच माणसाने एकदा हे आणि एकदा ते केलं की नेम गेला. यावर शहाण्या माणसांनी एक सोपी सोय काढली आहे. रिकाम्या नळीत गज सोडून तोंडाशी खूण करायची आणि योग्य बार भरल्यावर दुसरी खूण. त्यानंतर गज घालून बघितलं की नळी रिकामी आहे, बरोबर भरली आहे की काही चुकलं आहे, ते एका नजरेत कळतं.

ही खूण केवळ नेमासाठी नाही, जिवासाठी आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या रणांगणावर पडलेल्या सुमारे साडेसत्तावीस हजार बंदुका गोळा करण्यात आल्या. त्यांतल्या सुमारे चोवीस हजार भरलेल्या निघाल्या आणि भरलेल्यांतल्या निम्म्यांत एकावर एक दोन बार होते. कित्येकांत तीन ते दहा बार सापडले आणि एका बंदुकीत तर तेवीस. लढाईच्या गदारोळात बार उडाला की नाही हे सैनिकाला कळलंच नव्हतं आणि तो भरत राहिला होता.

माप सापडलं, गोळ्या जवळजवळ पडू लागल्या की दुर्बिणीची वेळ येते. दुर्बिणीचे बहुतेक घोटाळे काचेत नसून पकडीत असतात. ठासणीच्या रायफलीचा धक्का जोराचा असतो. नळीवरची पट्टी आणि दुर्बीण धरणाऱ्या कड्या यांचे स्क्रू सैल झाले की रोज वेगळा नेम येतो आणि माणूस दारूला दोष देतो. म्हणून आधी पट्टीचे स्क्रू, मग कड्यांचे, ठरावीक ताकदीने आवळायचे. डोळा आणि भिंग यांत आठ-नऊ सेंटीमीटर अंतर राहील अशी दुर्बीण पुढेमागे सरकवायची, नाहीतर धक्क्याबरोबर तिची कड भुवईवर बसते. उभी रेघ खरोखर उभी आहे की कलली आहे तेही बघायचं, कारण कललेली असेल तर उंची बदलताना गोळी बाजूलाही सरकते.

मग झिरो करणं, म्हणजे गोळ्या पडतात ती जागा दुर्बिणीच्या नेमावर आणणं. पहिले बार ५० मीटरवर, गोळी निदान कागदावर यावी म्हणून. तीन बारांचा मध्य काढायचा आणि त्या मध्यावरून दुरुस्ती करायची. एका गोळीवरून कधीही नाही. देवळालीत तोफेचा गोळा निशाणाच्या पुढे आणि मागे पाडून अंतर निम्मं-निम्मं करत आणतात, तिथेही शेवटची दुरुस्ती बऱ्याच गोळ्यांच्या सरासरीवर होते. बहुतेक दुर्बिणींच्या चकतीची एक टिक म्हणजे कोनाच्या मिनिटाचा चौथा हिस्सा, आणि १०० मीटरवर ती गोळीला सुमारे ७ मिलिमीटर हलवते. गोळ्या १४ सेंटीमीटर खाली पडत असतील तर वीस टिका वर. ५० मीटरवर त्याच वीस टिका फक्त सात सेंटीमीटर हलवतील, हे विसरून पुष्कळजण गोंधळतात.

दुर्बीण लावली म्हणजे गोळी सरळ रेषेत जाऊ लागते असं नाही. आधुनिक ठासणीच्या रायफलीतली गोळी १०० मीटर जायला सुमारे सेकंदाचा पाचवा हिस्सा घेते आणि तेवढ्यात नळीच्या रेषेपासून सुमारे २० सेंटीमीटर खाली येते. २०० मीटरपर्यंत ती चांगलीच मंदावलेली असते. तिथवर हा उतार मीटरच्या आसपास जातो. आता समजा एका बारात वेग पाच टक्क्यांनी घटला. उतार वेगाच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलतो, म्हणजे सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो. १०० मीटरवर हा फरक दोन सेंटीमीटरांचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा. २०० वर तो दहा सेंटीमीटरांचा होतो. मापात केलेली हयगय जवळच्या निशाणावर लपते आणि दूरच्यावर उघडी पडते, ती अशी. दारूचं तापमानही वेगावर परिणाम करतं. तोफखान्याच्या गणितात प्रमाण तापमान २१ अंश सेल्सियस धरतात आणि त्याहून गरम किंवा थंड दारूसाठी वेगळी दुरुस्ती करतात. जानेवारीच्या पहाटे इगतपुरीच्या थंडीत जमवलेला नेम एप्रिलच्या उन्हात तपासून घ्यावा लागेल, तो यामुळे.

अमेरिकेत या बंदुकीचा शौक टिकला तो तिच्यासाठी राखलेल्या शिकारीच्या वेगळ्या हंगामामुळे. टोनी नाइट या मिसूरीतल्या कारागिराने १९८५ मध्ये आणलेल्या रायफलीत ठिणगी दारूच्या थेट मागून पडत असे आणि तिच्यावर दुर्बीण सहज बसे; त्यातून नवी पिढी तयार झाली. कोलोराडोसारख्या राज्यात मात्र या हंगामात दुर्बिणीला आजही मनाई आहे.

आपल्याकडे वाट निराळी झाली. १८५७ च्या ऑक्टोबरात सिन्नरजवळ नांदूर शिंगोट्याला भागोजी नाईकाच्या भिल्लांनी पोलीस अधिकारी हेन्री याला गोळी घालून ठार केलं, तेव्हा या भागात ठासणीच्या बंदुका घरोघर नसल्या तरी गावोगाव होत्या. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाच्या हातून त्या जवळजवळ काढून घेतल्या. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्याने ठासणीच्या बंदुकीला पुन्हा एक जागा दिली. कलम १३ प्रमाणे, खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी नागरिकाने ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला तर परवाना अधिकाऱ्याने, अपात्रतेचं कारण नसेल तर, तो द्यावा. ठासणीची पुरेशी नाही अशी खात्री पटली तर सपाट नळीची दुसरी बंदूक देता येते. मात्र हा परवाना शिकारीचा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शेतात घुसलेल्या रानडुकरावरही परवानगीशिवाय गोळी चालवता येत नाही. म्हणून बहुतेक वेळा हवेतला बार हाच या बंदुकीचा खरा उपयोग.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत अशा बंदुका आजही शेतकऱ्यांच्या घरी आहेत. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि ऐन पिकात डुकरं उतरली तर शेतकरी हवालदिल होतो, ही तक्रार तिथे दर निवडणुकीला ऐकू येते. आठवड्यांनी बंदूक परत मिळते तेव्हा तिच्यात आधीचा बार नाही ना, हे आठवणीवर सोडू नये. घोड्याखालचा केप, म्हणजे बार पेटवणारी छोटी टोपी, काढलेला आहे हे बघायचं, नळीचं तोंड माणसांपासून दूर धरायचं आणि गज आत सोडायचा. रिकाम्या नळीची खूण तोंडाशी जुळली, तरच कोरडी चिंधी फिरवून नवा बार भरायला घ्यायचा.